पंधरा गुंठ्यांत हरणांसाठी काय लावावं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. तुम्ही मुलुंडला राहता. शहापूर तालुक्यात तानसाच्या जंगलाला लागून तुमची दोन एकर जमीन आहे आणि तिच्या वरच्या अंगाला पंधरा गुंठे वरकस (उथळ, मुरमाड) जमीन पडीक पडलेली आहे. अमेरिकेतले व्हिडिओ पाहून तुम्हाला वाटलं की तिथे करतात तसा हरणांसाठी चाऱ्याचा एक छोटा तुकडा तयार करावा, म्हणजे हरणं येतील आणि सुट्टीत मुलांना लांबून पाहता येतील. क्लोव्हर (एक प्रकारचा हिरवा चारा) पेरू की मका, मिठाची वीट ठेवली तर चालेल का, आणि पावसाआधी काय काय उरकायला हवं, असं तुम्ही विचारलंय.

मी बरीच वर्षं ठाणे आणि रायगड जिल्ह्यांत कुरणं सुधारण्याचं काम करते, काही वनजमिनींवर, काही तुमच्यासारख्यांच्या खासगी जमिनींवर. त्या अनुभवावरून सांगते. हरणांना काय आवडतं हा प्रश्न अवघड नाही. कोवळं, रसाळ, गोडसर काहीही ती खातात. अवघड प्रश्न पुढचा आहे. ती तुमच्या जमिनीवर यायला लागली की त्यांचं काय होईल, आणि खालच्या बाजूला ज्यांची भातखाचरं आहेत त्यांचं काय होईल? या दोन्हींचं समाधानकारक उत्तर मिळालं तरच कुदळ हातात घ्यावी, आणि काय लावायचं तेही त्या उत्तरावरूनच ठरवावं.

आधी त्या व्हिडिओंबद्दल. तिथे हे तुकडे मुख्यतः शिकारी लोक तयार करतात. पांढऱ्या शेपटीचं हरीण शरद ऋतूत, शिकारीच्या हंगामात, ठरलेल्या जागी यावं हा त्यामागचा हेतू. शिवाय तिथे टंचाई बर्फाच्या दिवसांत असते, म्हणून थंडीत हिरवं राहणारं क्लोव्हर, ओट, सलगम असं पेरतात आणि त्यासाठी जमिनीत चुना घालून तिचा आंबटपणा कमी करतात. आपल्याकडे सगळंच उलटं आहे. शहापूरकडे अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि मग आठ महिने कोरडे. आपल्या जनावरांचा हलाखीचा काळ मार्च ते मे. पावसाळ्यात जंगलभर गवत असतं, तेव्हा तुमच्या तुकड्याची कोणालाच गरज नसते. त्यामुळे तिथली बियाण्यांची यादी इथे उपयोगाची नाही आणि तिथलं वेळापत्रकही नाही.

कायद्याचंही बोलून घेऊ. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात ‘शिकार’ या शब्दाची व्याख्या फार व्यापक आहे. मारणं, पकडणं, फासे लावणं, हाकारा करणं याबरोबर आमिष दाखवणंही तिच्यात येतं. स्वतःच्या जमिनीत गवत वाढू देणं आणि जनावर यावं म्हणून मका, मीठ किंवा गूळ टाकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली खुशाल करा. दुसरीच्या वाटेला जाऊ नका, मग हेतू फक्त बघण्याचा असला तरी. काम सुरू करण्याआधी तुमच्या भागातल्या वनपालांना आणि परिक्षेत्र वन अधिकाऱ्यांना भेटा, काय करायचंय ते लेखी द्या. सातबाऱ्यावर ‘इतर हक्क’ रकान्यात खासगी वनाची नोंद आहे का, तुमचा गट नंबर तानसा अभयारण्याभोवतीच्या पर्यावरण-संवेदनशील क्षेत्रात येतो का, हे त्याच वेळी विचारून घ्या. तशी नोंद असेल तर खणण्यावर आणि तोडण्यावर बंधनं येतात.

आता कोण येऊ शकतं ते पाहू. तुमच्या डोळ्यांसमोर बहुधा ठिपकेदार चितळांचा कळप असेल, कारण आपण मुंबईकर हरीण पाहतो ते बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात. चितळाला मोकळं गवत लागतं, जवळ पाणी लागतं, आणि तो कळपाने राहतो. तुमच्या जमिनीच्या आजूबाजूला चितळ नसेल तर पंधरा गुंठे गवत पाहून तो कुठून उगवणार नाही. सह्याद्रीच्या या उतारांवर भेट व्हायची सगळ्यात जास्त शक्यता भेकराची. वीस-पंचवीस किलोचं, तांबूस, एकटं किंवा जोडीने फिरणारं, दाट झाडोऱ्याच्या कडेने चालणारं आणि घाबरलं की कुत्र्यासारखं भुंकणारं. सांबर असलं तर ते रात्री येईल, तुम्हाला फक्त खुरं दिसतील. आणि पिसोरी, हरणासारखी पण जेमतेम तीन किलोची, असली तरी ती तुम्हाला उघड्यावर दिसणारच नाही. म्हणून पहिला हंगाम फक्त पाहण्यात घालवा. ओढ्याकाठच्या ओल्या मातीत खुरं पाहा, लेंड्या पाहा, आणि शेजारच्या पाड्यातल्या माणसांना विचारा. तिथले ठाकूर, कातकरी, वारली शेतकरी कोणतं जनावर कोणत्या महिन्यात कुठल्या वाटेने उतरतं ते सांगतील. तुमच्या कामाला मजूरही तिथलेच घ्या. त्यांना कामाचा हेतू कळला तर रखवालीचा निम्मा प्रश्न तिथेच सुटतो.

काही परिस्थितींत माझा सल्ला सरळ ‘करू नका’ असा असतो. जमीन जंगल आणि मोठा रस्ता यांच्या मधोमध असेल तर करू नका. मुंबई-नाशिक महामार्गासारख्या रस्त्याकडे जनावराला चार पावलंही जवळ आणणं बरोबर नाही. गावातली मोकाट कुत्री तुमच्या जमिनीवर वावरत असतील तर आधी ते आवरा. उष्टं-खरकटं उघड्यावर टाकणं बंद करा, नाहीतर भेकराच्या पाडसाला पहिला धोका कुत्र्यांचाच. शिवारात फासकी लावली जात असतील तर अजिबात करू नका. जनावर ठरावीक जागी, ठरावीक वेळी येऊ लागलं की ते तुमच्याआधी फासकी लावणाऱ्याला कळतं. आणि महिन्यातून एखादा रविवारच तिथे जाणं होणार असेल, बाकी दिवस कोणी राखणदार नसेल, तर सध्या नुसती तणं काढा आणि जमीन राखा. तेवढंही मोलाचं आहे.

बिबट्याबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण मुलं असतात म्हणून सांगते. तानसाच्या कडेला बिबट्या आधीपासून असणार, तुमच्या गवतामुळे तो नव्याने येणार नाही. पण जिथे भेकर फिरेल तिथे त्याची फेरी वाढू शकते. अंधार पडल्यावर मुलं अंगणाबाहेर नकोत, रात्री कुत्रा बाहेर बांधून ठेवायचा नाही, शेजाऱ्यांच्या शेळ्यांचा गोठा नीट बंद होतोय का ते पाहायचं.

आता मुख्य मुद्दा. या तुकड्यात शेतातलं कोणतंही पीक पेरू नका. मका नको, चवळी नको, वाल नको. भेकराला वालाचा कोवळा पाला किती आवडतो हे मला चांगलं ठाऊक आहे आणि म्हणूनच सांगते. तुमच्या भागात भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर वाल, हरभरा टाकतात. तुमच्या तुकड्यात वालाची चव लागलेलं जनावर पंधरा गुंठे संपवून तिथे थांबत नाही, बांध ओलांडून शेजाऱ्याच्या वालात शिरतं. हरणांनी पीक खाल्लं तर पंचनामा होऊन शासनाकडून नुकसानभरपाई मिळण्याची तरतूद आहे, पण ज्याचं वर्षाचं कडधान्य गेलं त्याला कागदांच्या मागे धावायला लावणारे तुम्ही का व्हा? मक्याने आणि कंदांनी तर रानडुकरंच आधी येतील आणि एका रात्रीत जमीन उकरून टाकतील. याउलट रानातलं गवत आणि रानातली फळं ही हरणं रोज खातातच. ती तुमच्याकडे जरा जास्त मिळाली तर त्यांना नवी सवय लागत नाही.

जनावराच्या पोटाच्या दृष्टीनेही हेच बरं. हरीण रवंथ करणारं आहे. त्याच्या पोटात ज्या चाऱ्याची सवय झालेली असते तो बदलून एकदम धान्य मिळालं तर पोटात आम्ल वाढून ते दगावूही शकतं. ओला लसूणघास किंवा बरसीम भरपूर खाल्लं तर गायीला पोटफुगी होते, तशी हरणालाही होऊ शकते. ज्वारीच्या अगदी कोवळ्या पोंग्यांनी गुरांना विषबाधा होते हे गावात कोणीही सांगेल. मिठाची वीटही नको. एकाच वस्तूला गुरं, शेळ्या आणि रानातली जनावरं आळीपाळीने चाटतात आणि लाळ्या-खुरकूत हा गुरांचा साथीचा रोग पसरायला तेवढं पुरतं. अभयारण्यापासून पाच किलोमीटरच्या आतल्या गुरांचं लसीकरण व्हावं अशी तरतूद कायद्यातच आहे. शेजारच्या गुरांना लस टोचलेली आहे का हे पाहणं आणि नसेल तर पशुवैद्यकीय दवाखान्यापर्यंत पाठपुरावा करणं, हे तुम्ही हरणांसाठी केलेलं सगळ्यात उपयोगी काम ठरेल.

मग लावायचं काय? गवत आणि झाडं. पण त्याआधी काढायचं काय ते पाहू, कारण तुमच्या फोटोत उजव्या कोपऱ्यात जी हिरवी गचपण दिसते ती रानमोडी आहे आणि बांधावर घाणेरी. या दोघींनी व्यापलेल्या जागेत हरणाला खायला काहीच उरत नाही. रानमोडीची मुळं उथळ असतात. जुलै-ऑगस्टमध्ये माती मऊ असताना ती हाताने उपटून निघते, आणि हिवाळ्यात फुलण्याआधी हे काम व्हायला हवं, कारण बी वाऱ्यावर उडतं. घाणेरी नुसती कोयत्याने छाटू नका, दुप्पट जोमाने फुटते. तिचं खोड जमिनीत शिरतं त्या जागेच्या खाली दोन-तीन इंच कुदळीने मूळ तोडायचं आणि बुंधा उलटा करून वाळत टाकायचा. एका वर्षात संपत नाही. तीन पावसाळे सलग हात फिरवावा लागतो. टाकळा मात्र वेगळा. कोवळा असताना भाजीला घ्या, उरलेला शेंगा धरण्याआधी उपटा. चराई जास्त झालेल्या जमिनीवर तो माजतो आणि त्याचं टणक बी मातीत वर्षानुवर्षं टिकतं.

सगळं एकदम उघडं मात्र करू नका. करवंदाच्या जाळ्या, दिंडा, रानातली देशी झुडपं राहू द्या. भेकर उघड्यावर फार वेळ थांबत नाही, मागे लपायला जागा दिसली तरच ते चरायला पुढे येतं. म्हणून तुकडा चौकोनी न आखता लांबट, वळणावळणाची कड असलेला ठेवा. गवत आणि झुडूप यांची जेवढी कड जास्त तेवढं ते भेकराच्या सोयीचं.

जमीन वरकस, म्हणजे उथळ, मुरमाड आणि उताराची. तिथे ट्रॅक्टरने नांगरट करू नका. जूनच्या पहिल्या दोन जोरदार सरींत वरची माती ओढ्यात जाईल आणि ती परत आणता येत नाही. उताराला आडव्या दगडांच्या छोट्या ताली (बांध) घाला, हाताशी दगड असतीलच. मे महिन्यात हे उरकलं तर पहिल्या पावसातच तालींमागे माती साचायला लागते. मातीची तपासणी करून घ्या. पाच-सहा ठिकाणची वितभर खोलीपर्यंतची माती एकत्र करून अर्धा किलो नमुना द्यायचा, कृषी विभागाच्या प्रयोगशाळेत तपासून मिळते. आपली माती आंबट निघेल, त्याने घाबरू नका. क्लोव्हरला ते चाललं नसतं, इथल्या गवतांना चालतं. चुना घालण्याची घाई नको. चांगलं कुजलेलं शेणखत बैलगाडी-दोन बैलगाड्या पुरे. अर्धकच्चं शेण टाकलंत तर त्यातून तणाचं बी येईल.

गवतं कोणती, तर पवना, मारवेल, डोंगरी, आणि ओलीच्या जागी हरळी. कुसळी गवत तुमच्याकडे आपोआप असेलच. कोवळेपणी ते चांगलं, पण फुलल्यावर त्याची कुसळं जनावराच्या तोंडाला टोचतात, म्हणून ते वाढवायला जाऊ नका. संकरित नेपियर तर मुळीच नको. ते कापून गोठ्यात घालायचं गवत आहे, माणसाच्या उंचीचं होतं आणि देशी गवतांना दाबून टाकतं. सुबाभूळही नको, ती एकदा शिरली की सगळीकडे पसरते.

गवत लावायचे दोन मार्ग. बी किंवा ठोंबे. मला खासगी छोट्या जमिनीसाठी ठोंबे जास्त भरवशाचे वाटतात. देशी गवतांचं बी हलकं, लवदार असतं, वाऱ्याने उडतं, मुंग्या नेतात. त्यातून ताजं बी बऱ्याचदा सुप्त असतं, लगेच उगवत नाही. आदल्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोळा करून कोरडं ठेवलेलं बी जूनमध्ये वापरलं तर उगवण बरी मिळते. ते ओल्या मातीत आणि शेणात कालवून छोट्या गोळ्या करायच्या आणि वरच्या वर टाकायच्या. अर्ध्या इंचापेक्षा खोल गेलं की संपलं. ठोंब्यांचं तसं नाही. चांगल्या वाढलेल्या गवताचा गड्डा मुळांसकट उकरायचा, त्याचे दोन-तीन काड्यांचे तुकडे करायचे, वरचा पाला चार-सहा बोटं ठेवून छाटायचा आणि दीड-दीड फुटावर लावायचा. पंधरा गुंठे म्हणजे सव्वासोळा हजार चौरस फूट. सगळीकडे लावायचं म्हटलं तर सात हजारांवर ठोंबे लागतील. एवढ्याची गरज नाही. पहिल्या वर्षी आडव्या पट्ट्यांत निम्मीच जागा लावा, मधल्या पट्ट्या बियाने आणि आपसूक भरतात. मारवेलाच्या चाऱ्यावर राहुरीच्या कृषी विद्यापीठात काम झालेलं आहे, पण माझा कल आधी तुमच्याच शिवारात शोधण्याकडे असतो. बांधावर, जुन्या देवराईच्या कडेला, जिथे गुरं पोचत नाहीत तिथे चांगलं गवत असतंच. मालकाला विचारून थोडेसे ठोंबे घ्या. त्या मातीतलं, त्या पावसाचं गवत सगळ्यात चांगलं जगतं.

लावायची वेळ. मुंबईत मोसमी पाऊस पोचण्याची सरासरी तारीख ११ जून आहे, पण पहिल्या सरीला भुलू नका. मध्ये आठ-दहा दिवस उघडीप पडली तर ठोंबे वाळतात. पाऊस लागून राहिला, माती आतपर्यंत भिजली की जूनच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत लावा. तिथे भातलावणीची गडबड त्याच दिवसांत असते, त्यामुळे मजुरांशी आधीच बोलून ठेवा किंवा लावणी आटपण्याची वाट पाहा. त्यांच्या भाताच्या आड तुमचं गवत येता कामा नये.

पहिल्या वर्षी त्या गवताला कोणाचंच तोंड लागू देऊ नका. दिवाळीनंतर गुरं मोकळी सुटतात, तेव्हा राखण लागते. काटेरी तार लावू नका, तिच्यात अडकून हरणांची पोटं फाटतात. विजेचा प्रवाह सोडलेली तार तर गुन्हा आहे आणि माणसंही मरतात. तीन-साडेतीन फुटांचा दगडी गडगा आणि त्यावर करवंदाच्या काट्यांच्या फांद्या, एवढ्याने गुरं थांबतात. दोन ठिकाणी, झुडपाच्या आडोशाला, भेकर वाकून जाईल एवढी फट ठेवा.

दुसऱ्या वर्षापासून कापणी. बहुतेक लोक लावतात आणि सोडून देतात. मग नोव्हेंबरात गवत कमरेएवढं, वाळलेलं, काडीसारखं कडक होतं आणि त्यात हरणाला काही खाण्यासारखं राहत नाही. त्याला हवी असते खालून येणारी कोवळी फूट. म्हणून बी झडून गेल्यावर गवत चार बोटं ठेवून कापायचं, पण सगळं एकदम नाही, तिसरा हिस्सा आत्ता, तिसरा पंधरा-वीस दिवसांनी, तिसरा तसाच उभा. उभ्या गवतात ससे आणि तित्तर लपतात, कापलेल्यात ओल असेतो फूट येत राहते. आणि यात एक पथ्य आहे. शेजाऱ्यांची भातं कापून खळ्यावर गेल्याशिवाय तुमची कापणी सुरू करायची नाही. पीक उभं असताना कोवळ्या चाऱ्याचं आकर्षण त्या बाजूला निर्माण करायचंच नाही. कापलेलं गवत शेजाऱ्यांच्या गुरांना देऊन टाका. ज्यांची गुरं तुम्ही बाहेर ठेवलीत त्यांचा हा हक्कच आहे आणि त्यामुळे तुमचा गडगा कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

जानेवारीनंतर वरकसावरचं गवत वाळणारच. पाणी देऊन ते हिरवं ठेवायच्या मागे लागू नका. तिथून पुढे झाडं लागतात, आणि खरं सांगायचं तर तुमच्या तुकड्याचं भविष्य गवतापेक्षा झाडांत आहे. रानात हरणं झाडाखाली पडलेलं किती खातात याची शहरात कल्पना येत नाही. चितळं तर वानरांच्या टोळीखाली उभी राहून वरून पडणारा पाला आणि फळं खातात. आपल्या भागात ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून आवळा आणि आंबाडा, थंडीत बोर आणि बेहडा, फेब्रुवारी-मार्चमध्ये काटेसावरीची मांसल फुलं, मार्च-एप्रिलला मोहाची फुलं, मे महिन्यात करवंद आणि जांभूळ, पावसाच्या तोंडावर भोकर, आणि उंबर तर वर्षातून अनेकदा. आवळा हरणं आवडीने खातात आणि रवंथ करताना त्याच्या कठीण आठळ्या थुंकून टाकतात, त्यामुळे जिथे हरणं निवांत बसतात तिथे पुढे आवळ्याची रोपं उगवलेली दिसतात. या साखळीत जिथे खंड आहे तिथे तुमचं झाड बसवा. बहुतेक जागी खंड मार्च ते मे असतो, म्हणून उंबर, मोह, काटेसावर आणि भोकर आधी. पंधरा गुंठ्यांच्या कडेने दहा-बारा झाडं पुष्कळ झाली. मध्ये लावलीत तर सावलीने गवत जाईल. एप्रिलमध्ये दोन फुटी खड्डे खणून उन्हात तापू द्या, जूनच्या शेवटी लावा, आणि प्रत्येक रोपाला बांबूचा पिंजरा करा, नाहीतर ज्या भेकरासाठी लावता तेच शेंडा खाऊन जाईल. पहिले दोन उन्हाळे आठवड्याला पाणी लागेल. मोहाला फुलायला बरीच वर्षं लागतात, उंबर त्यामानाने लवकर फळतो. आधीपासून असलेलं एखादं मोठं झाड जमिनीत असेल तर ते दहा रोपांच्या तोडीचं आहे. त्याच्या भोवतालची घाणेरी काढून बुंधा मोकळा करा, बाकी काही करावं लागत नाही.

एवढं सगळं वाचून गोंधळ झाला असेल तर क्रम असा धरा. हा हंगाम पाहणीचा आणि परवानग्यांचा. एप्रिल-मे ताली आणि खड्डे. जून-जुलै ठोंबे आणि रोपं. पावसाळाभर तणं. दिवाळीनंतर राखण. दुसऱ्या दिवाळीनंतर कापणी.

पाण्याबद्दल माझं मत जरा कडक आहे. उन्हाळ्यात पाणवठा केलात तर तो शेवटपर्यंत, म्हणजे पाऊस पडेपर्यंत, भरलेला ठेवण्याची हमी हवी. एप्रिलपर्यंत सवय लावून मे महिन्यात आटू दिलात तर जनावर पाण्याच्या शोधात वस्तीकडे उतरेल. १८९२ पासून मुंबई तानसाचं पाणी पिते, आणि तलावाच्या आसपासच्या रानाला मे महिन्यात काय तहान लागते ते तुम्ही तिथे राहिल्यावर दिसेल. त्यामुळे इच्छा होणारच. रोज पाहणारा माणूस असेल तर करा. पसरट बशीसारखा खड्डा, मध्ये फूटभर खोल, कडा उतरत्या, आत दगड, म्हणजे सरडा किंवा पाडस पडलं तरी बाहेर येईल. आठवड्याला उपसून घासायचा, डासांचा प्रश्न तिथेच मिटतो. डासांसाठी गप्पी मासे सोडू नका, पावसाळ्यात ते ओढ्यात जातात आणि तिथल्या माशांना त्रास होतो. पाणवठा घरापासून लांब, झुडपाच्या कडेला.

आणि वणवा. फेब्रुवारीनंतर डोंगर पेटतात, शिवाय राब भाजताना, म्हणजे भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पालापाचोळा जाळताना, ठिणगी सुटते. डिसेंबरातच तुकड्याच्या भोवती आठ-दहा फूट रुंदीची जाळरेषा कापून साफ करा आणि मेपर्यंत ती पाल्याने भरू देऊ नका. जळलेल्या जमिनीवर हिरवी फूट छान येते म्हणून मुद्दाम पेटवावं असं कोणी सुचवेल. ते ऐकू नका. तुमची रोपं, जमिनीवरची घरटी आणि वरचा पाचोळा, सगळं जातं.

दिसणार कधी? आधी ससे येतील, मोर येतील, बहुधा रानडुकरंही. भेकर पहिल्या हिवाळ्यात कडेला आलं तर नशीब. मोठी माणसं न बोलता थांबू शकतील आणि मुलं घराच्या ओट्यावर बसतील अशी व्यवस्था करा, तुकड्याजवळ मचाण किंवा दिवे नकोत. तुकडा वर आणि घर खाली आहे हे तुमच्या फायद्याचं. पहाटे थंड हवा उताराने खाली वाहते, त्यामुळे तुमचा वास वर जात नाही. ऊन तापलं की वारा उलटतो. तेव्हा उजाडण्यापासून पहिल्या तासाभरातच काय ते पाहायचं. पांढरा झोत न टाकणारा ट्रॅप कॅमेरा झाडाला बांधलात तर रात्रीचं सांबरही कळेल. फोटो आले तर जागेचं नाव आणि नकाशा कुठेही टाकू नका. गवतात एकटं पडलेलं पाडस दिसलं तर उचलू नका, आई त्याला लपवून चरायला गेलेली असते. जखमी जनावर दिसलं तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा आणि लांब उभे राहा.

तुमच्या फोटोंत ओढा नक्की कोणत्या बाजूला आहे आणि खालच्या खाचरांचे मालक किती जण आहेत ते दिसत नाही. ते कळवलंत, आणि मातीचा अहवाल आला की तोही पाठवलात, तर कोणत्या पट्टीत मारवेल आणि कोणत्या पट्टीत पवना हे मी नेमकं सांगू शकेन.